१९१३ ची एप्सम डर्बी: क्रॅगनूरचा पहिला नंबर काढून घेणं बरोबर होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इंग्लंडमधल्या एप्सम डर्बी या घोड्यांच्या रेसमध्ये १९१३ ला फेव्हरिट, म्हणजे जिंकेल असं सगळ्यांत जास्त लोकांना वाटत होतं तो घोडा, क्रॅगनूर पहिला आला. जज्जनं तसा निकाल दिला, मालकानं घोडा मिरवत आत आणला. दुसऱ्या घोड्याच्या मालकानं काहीच तक्रार केली नव्हती, तरी स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेस नियमानं झाली का ते बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी, स्वतःहून ऑब्जेक्शन (हरकत) घेतलं आणि शंभरला एक भाव असलेल्या अबॉयरला डर्बी देऊन टाकली. हा ठरवून केलेला डाव नव्हता का? की त्याच रेसमध्ये राजाच्या घोड्यासमोर आलेल्या बाईंमुळे सगळा गोंधळ उडाला? आणि आज तसंच घडलं असतं, तर निकाल काय लागला असता?"

मी स्टुअर्ड्सच्या खोलीत बरीच वर्षं काढली आहेत. ऑब्जेक्शन ऐकणं, फिल्म पुढे-मागे करून पाहणं, जॉकींना समोर उभं करून विचारणं हेच माझं काम होतं. म्हणून हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. माझं मत आधीच सांगतो. चौकशी लावली हे बरोबर होतं. निकाल माझ्या मते चुकला. आणि तो चुकण्यामागे डावापेक्षा चौकशी कशी झाली आणि ती कोणी केली, याचा हात मोठा आहे.

पहिल्यांदा त्या अपघाताचा भाग बाजूला काढू, कारण या दोन गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळल्या जातात. ४ जून १९१३, बुधवार. पंधरा घोडे धावले. टॅटनम कॉर्नर या वळणावर पुढचे घोडे निघून गेल्यावर एमिली डेव्हिसन रेलखालून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या कठड्याखालून, आत आल्या आणि राजा पाचव्या जॉर्जच्या अ‍ॅन्मर या घोड्यासमोर उभ्या राहिल्या. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढणाऱ्या त्या कार्यकर्त्या होत्या. धडकेत त्या, घोडा आणि जॉकी हर्बर्ट जोन्स तिघेही खाली आले. जोन्सच्या डोक्याला मार लागला, घोडा उठून पळाला, आणि डेव्हिसन यांचा चार दिवसांनी, ८ जूनला, हॉस्पिटलात मृत्यू झाला. ही घटना त्या रेसपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि लोकांना ती रेस आज त्यांच्यामुळेच आठवते, ते योग्यच आहे. पण निकालाशी तिचा संबंध नाही. अ‍ॅन्मर तेव्हा शेवटच्या काही घोड्यांत होता. पहिल्या नंबरासाठी झुंजलेल्या घोड्यांच्या वाटेत काहीही आलं नव्हतं. त्यांचं भांडण पुढे, सरळ पट्ट्यात झालं.

आता खरा प्रश्न. "पहिला आला" आणि "जिंकला" यात रेसिंगमध्ये फरक आहे, आणि तो फरक दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतो. विनिंग पोस्टवर, म्हणजे रेस संपते त्या खांबापाशी, कोणाचं नाक आधी आलं ते जज्ज ठरवतो. वाटेत कोण कसा धावला ते स्टुअर्ड ठरवतात. क्रॅगनूर अबॉयरच्या पुढे घोड्याच्या एका डोक्याच्या लांबीनं होता, असं जज्जनं सांगितलं, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. वाद होता तो या एका डोक्याच्या अंतरापर्यंत क्रॅगनूर पोहोचला कसा, यावर. म्हणून "फोटोत तो पुढे दिसतो" हा मुद्दा इथे कामाचा नाही. फोटो शेवटचा क्षण दाखवतो. धक्के त्याच्या आधी बसलेले असतात.

हे समजायला एप्समची जमीन डोळ्यांसमोर आणावी लागेल. महालक्ष्मीचा ट्रॅक सपाट आहे आणि घोडे उजवीकडे वळतात. एप्समला घोडे डावीकडे वळतात आणि सपाट असं तिथे फारसं काही नाही. दीड मैलांच्या डर्बीत आधी चांगला लांब चढ लागतो, मग टॅटनम कॉर्नरपर्यंत उतार, आणि वळण संपल्यावर साडेतीन फर्लांगांच्या (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) थोडा वर सरळ पट्टा. हा पट्टा आडवासुद्धा कलता आहे. बाहेरच्या बाजूकडून आतल्या रेलकडे जमीन उतरत जाते. दमलेला घोडा अशा जमिनीवर आपोआप डावीकडे, रेलकडे घसरतो. घसरायला त्याला काही वाईट वागावं लागत नाही, पाय जड झाले की पुरे. जॉकीला उजवा लगाम धरून, शरीराचा भार उजवीकडे ठेवून त्याला सरळ ठेवावं लागतं, आणि हे सगळं करताना घोडा पळवायचाही असतो.

अबॉयर सुरुवातीपासून पुढे होता. एडविन पायपर त्याच्यावर, डोळ्यांना ब्लिंकर्स, म्हणजे झापडं. रेलला धरून तो टॅटनम कॉर्नर उतरला. सरळ पट्ट्यात बाहेरच्या बाजूनं, म्हणजे त्याच्या उजवीकडून, क्रॅगनूर आला. त्याच्यावर जॉनी रीफ हा अमेरिकन जॉकी. इथून विनिंग पोस्टपर्यंत दोघे एकमेकांना सोडतच नव्हते. अबॉयर रेल सोडून उजवीकडे सरकला आणि क्रॅगनूरला लागला. मग क्रॅगनूर डावीकडे झुकला आणि त्यानं अबॉयरला परत रेलकडे दाबलं. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. अबॉयरनं शेजारच्याला चावायला तोंड टाकलं, असंही त्या वेळच्या वर्णनांत येतं. आणि या दोघांच्या हेलकाव्यांत मागच्यांचंही नुकसान झालं. अबॉयर रेलपासून सुटला की आत वाट उघडते, मागचा जॉकी त्या वाटेत घोडा घालतो, तेवढ्यात अबॉयर परत दाबला जातो आणि वाट बंद होते. शोगन आणि डे कॉमेट हे घोडे असे अडकले.

स्टुअर्ड्सचा निर्णय काय होता? क्रॅगनूर सरळ धावला नाही, शोगन, डे कॉमेट आणि अबॉयर यांच्या आड आला, आणि दुसऱ्या आलेल्या घोड्याला त्यानं धक्के देऊन दाबलं, म्हणून तो बाद. अबॉयर पहिला, लूव्हा दुसरा, ग्रेट स्पोर्ट तिसरा. धक्काबुक्कीवरून पहिला घोडा बाद झाल्याची डर्बीच्या इतिहासातली ही एकमेव वेळ. १८४४ मध्ये रनिंग रेन नावाचा घोडा बाद झाला होता, पण ते प्रकरण वेगळं होतं, तीन वर्षांच्या घोड्यांच्या रेसमध्ये चार वर्षांचा घोडा घुसवला होता.

तुमचा एक आक्षेप आधी निकाली काढतो. मालकानं तक्रार केली नाही म्हणून स्टुअर्ड्सनी गप्प बसायला हवं होतं, असं नाही. अबॉयरच्या मालकानं ऑब्जेक्शन घेतलं नाही हे खरं. पण रेस फक्त दोन मालकांची नसते. त्यावर पैसे लावलेल्या प्रत्येकाची असते, आणि मागे अडकलेल्या शोगन-डे कॉमेटच्या लोकांचीही असते. डोळ्यांसमोर एवढे धक्के दिसत असताना स्टुअर्ड्सनी स्वतःहून चौकशी लावली नसती, तर मी त्यांना दोष दिला असता. आमच्याकडेही कित्येकदा जॉकी तक्रार करायला कचरतो. समोरचा सीनिअर असतो, किंवा पुढच्या आठवड्यात त्याच ट्रेनरची सवारी मिळायची असते. अशा वेळी चौकशी आम्हीच लावायची.

आता चौकशीत काय बघतात ते सांगतो, म्हणजे १९१३ ला काय हातात नव्हतं ते कळेल. आज आमच्यासमोर दोन प्रकारची फिल्म असते. बाजूनं घेतलेली आणि समोरून घेतलेली. बाजूच्या फिल्ममध्ये अंतर कळतं, म्हणजे कोण किती पुढे ते. पण घोडा आडवा किती सरकला ते तिच्यात जवळजवळ दिसतच नाही. समोरच्या फिल्ममध्ये उलट होतं. दोन घोड्यांमधली फट स्पष्ट दिसते, मागचा-पुढचा मात्र कळत नाही. म्हणून दोन्ही एकत्र चालवून पाहतो. मी स्वतः फिल्म लावली की आधी घोड्यांकडे बघतच नसे. जॉकीच्या हातांकडे बघायचो. आतला जॉकी धक्का लागायच्या आधी दोन्ही हातांनी घोडा पुढे ढकलतोय, आणि मग एका ठिकाणी त्याचे हात थांबतात, शरीर उभं होतं, लगाम ओढला जातो. तो क्षण सापडला की नुकसान कुठे झालं ते सापडलं. मग त्याच क्षणी बाहेरच्या जॉकीचा चाबूक कोणत्या हातात आहे ते पाहायचं. घोडा डावीकडे झुकतोय आणि चाबूक उजव्या हातानं मारला जातोय, तर तो जॉकी घोडा सरळ करत नाहीये, आणखी आत ढकलतोय. चाबूक खाली ठेवून त्यानं उजवा लगाम धरला असेल, तर त्यानं प्रयत्न केला, असं धरायचं. हे दोन-तीन सेकंदांचं काम असतं आणि ते पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय कोणालाच खात्रीनं सांगता येत नाही. मलाही नाही.

१९१३ ला यातलं काही नव्हतं. न्यूजरीलचे कॅमेरे होते, पण ते प्रेक्षकांसाठी होते. स्टुअर्ड्सच्या टेबलावर फिल्म नव्हती. इंग्लंडमध्ये फोटो फिनिश, म्हणजे विनिंग पोस्टवर कोण पुढे ते जज्जनं फोटोवरून ठरवणं, आलं १९४७ ला आणि चौकशीसाठी कॅमेरे १९६० ला. म्हणजे निकाल द्यायचा तो दुर्बिणीतून दिसलेल्यावर आणि साक्षींवर. साक्षी झाल्या त्या जज्जच्या आणि काही जॉकींच्या.

इथे माझा पहिला मोठा आक्षेप येतो. जज्जनं त्या दिवशी डे कॉमेटला पाहिलंच नाही. रेलला धरून आलेला डे कॉमेट फोटोंनुसार तिसरा होता. जज्जनं तिसरा नंबर लूव्हाला दिला, आणि क्रॅगनूर बाद झाल्यावर लूव्हा दुसरा झाला. शेवटच्या काही यार्डांत गर्दी झाली की डोळा चुकतो, हे मी समजू शकतो. पण ज्याच्या नजरेतून तिसरा आलेला घोडा सुटला, त्याच माणसाच्या सांगण्यावर कोणाचा खांदा कोणाला आधी लागला हे ठरवणं? मी त्या साक्षीला फार कमी वजन दिलं असतं.

जॉकींच्या साक्षींचंही तसंच. त्याच वर्षी टू थाउजंड गिनीज या दुसऱ्या मोठ्या रेसमध्ये क्रॅगनूर जिंकला असं बऱ्याच लोकांना वाटलं होतं, पण जज्जनं लूव्हाला एका डोक्यानं पहिलं ठरवलं. त्या दिवशी क्रॅगनूरवर बिली सॅक्सबी होता आणि लूव्हावर होता हाच रीफ. त्यानंतर सॅक्सबीला क्रॅगनूरवरून काढलं आणि डर्बीसाठी रीफला बसवलं. सॅक्सबी डर्बीत लूव्हावर होता. म्हणजे क्रॅगनूर बाद झाला की सॅक्सबीचा घोडा दुसरा. जॉकी खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही. बहुतेक जॉकी जे वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतात. पण ज्याचा नंबर या निकालावर वर जाणार आहे, आणि ज्याची सवारी समोरच्यानं घेतली आहे, त्याचं सांगणं त्या हिशोबानंच तोलावं लागतं.

दुसरा आक्षेप खुर्चीवर कोण होतं याबद्दल, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. स्टुअर्ड तीन होते: लॉर्ड रोझबेरी, लॉर्ड वुल्व्हर्टन आणि मेजर यूस्टस लोडर. रोझबेरींचा स्वतःचा घोडा त्या रेसमध्ये होता म्हणून ते बाजूला झाले. हे योग्य केलं. पण मेजर लोडर बसून राहिले, आणि क्रॅगनूर हा लोडरांच्याच स्टडमध्ये, म्हणजे घोडे पैदा करायच्या फार्मवर, जन्मलेला घोडा होता. त्यांनी तो वर्षाचा असताना विकला होता. आता ज्याचा घोडा पळतोय तो उठतो, मग ज्यानं तो घोडा पैदा केला त्यानं का बसावं? स्वतः विकून टाकलेला घोडा डर्बी जिंकतोय हे पाहताना माणसाच्या मनात अभिमान असेल, हळहळ असेल, किंवा मालकाबद्दल राग असेल. मालक चार्ल्स बोअर इस्मे हे टायटॅनिकच्या कंपनीचे प्रमुख असून त्या जहाजावरून वाचलेल्या जे. ब्रूस इस्मे यांचे भाऊ. त्या घराण्याबद्दल तेव्हा लोकांच्या मनात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. लोडर आणि इस्मे यांच्या वैराच्या गोष्टी पुढे खूप रंगल्या. त्या मी पुरावा म्हणून धरत नाही. लोडरांच्या मनात काय होतं हे कळायला मार्ग नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांनी उठायला हवं होतं, एवढं पुरेसं आहे.

आमच्या खोलीत हे साधं होतं. स्टुअर्डचा, त्याच्या घरच्यांचा, किंवा त्याच्या स्टडचा घोडा प्रकरणात असेल तर तो खुर्ची मागे सरकवतो आणि बाहेर जातो. कोणी काही विचारत नाही. आणि मग उरलेल्यांच्या निर्णयावर हरलेला मालक चिडला, तरी तो निर्णयावर चिडतो, माणसावर नाही. एप्समला रोझबेरी गेल्यावर राहिले दोघे, आणि त्यातला एक त्या घोड्याचा ब्रीडर. म्हणून तुम्हाला शंभर वर्षांनंतरही डावाचा वास येतो. डाव होता असं मी म्हणणार नाही, पण वास यायला त्यांनी जागा ठेवली.

तिसरी गोष्ट नियमाची, आणि माझं मत मुख्यतः यावर उभं आहे. त्या काळच्या इंग्लिश नियमांत धक्का देणारा घोडा बाद होण्याला पात्र असे, पण त्याला एक मोठा अपवाद होता. धक्का पूर्णपणे दुसऱ्या जॉकीच्या चुकीमुळे लागला असेल, किंवा धक्का खाणारा घोडा अथवा त्याचा जॉकी अंशतः दोषी असेल, तर बाद करायचं नाही. आता हा अपवाद एप्समच्या सरळ पट्ट्याला लावून पाहा. अबॉयर रेल सोडून उजवीकडे आला हे बहुतेकांनी पाहिलं. आत वाट उघडली ती त्यामुळेच. मग जो परत दाबला गेला, त्यानं आधी आपली जागा सोडली होती की नाही? "अंशतः दोषी" हे शब्द अशाच रेससाठी लिहिलेले असतात. स्टुअर्ड्सच्या निर्णयात क्रॅगनूरचा दोष सविस्तर आहे. अबॉयरच्या हालचालींचा उल्लेख नाही. मी तो निर्णय लिहिला असता तर पहिलं वाक्य अबॉयरबद्दल लिहिलं असतं, मग ते त्याच्या बाजूनं जावो की विरोधात.

यावर एक उलट युक्तिवाद होऊ शकतो आणि तो कच्चा नाही. समजा अबॉयर एकदा बाहेर आला, पण नंतर सावरून सरळ धावत होता, आणि शेवटच्या फर्लांगात मात्र क्रॅगनूरनं त्याला सलग रेलवर चिकटवून ठेवलं. तसं असेल तर सुरुवातीचा धक्का संपला, आणि शेवटचा दाब हाच निर्णायक ठरतो. एका डोक्यानं लागलेल्या निकालात शेवटच्या शंभर यार्डांचा दाब भरपूर होतो. समोरून फिल्म मिळाली असती आणि तिच्यात हे दिसलं असतं, तर मीसुद्धा क्रॅगनूरला बाद केलं असतं. पण अशी खात्री नसताना, दोन्ही घोडे एकमेकांना लागत होते एवढंच पक्कं असताना, विनिंग पोस्टवरचा नंबर तसाच ठेवायचा. शंका असेल तर निकाल हलवायचा नाही, हे आम्ही खोलीत पाळत आलो.

आज तसंच घडलं असतं तर? आज जगातल्या बहुतेक ठिकाणी प्रश्न वेगळा विचारतात. धक्का लागला का, एवढ्यावर थांबत नाहीत. धक्का लागला नसता तर मागचा घोडा पुढच्याच्या पुढे गेला असता का, हे विचारतात. जॉकीची चूक आणि घोड्याचा नंबर या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. घोडा पहिला राहू शकतो आणि जॉकीला काही दिवसांचं सस्पेन्शन मिळू शकतं. १९१३ च्या माहितीवर मला विचाराल, तर क्रॅगनूरचा नंबर राहिला असता आणि रीफला सस्पेन्शन. पायपरलाही आत बोलावून रेल का सोडली ते विचारलं असतं.

पुढे काय झालं तेही सांगतो, कारण त्यात या निकालाची किंमत कळते. इस्मेंनी क्रॅगनूर तीस हजार पौंडांना अर्जेंटिनाला विकला. तो पुन्हा धावला नाही, पण तिथे स्टडमध्ये त्यानं नाव काढलं. अबॉयर त्यानंतर एकही रेस जिंकला नाही. तो रशियाला विकला गेला आणि क्रांतीच्या धामधुमीत त्याचा पत्ता लागला नाही. मेजर लोडर १९१४ मध्ये वारले.

पैशांबद्दल विचारलं नाहीत, पण हा प्रश्न हमखास पुढे येतो म्हणून सांगतो. सहाला चार भावानं क्रॅगनूर लावलेल्यांचे पैसे गेले आणि अबॉयरवाल्यांना शंभरच्या भावानं मिळाले, कारण बेटिंगचा हिशोब स्टुअर्ड्सच्या अंतिम निकालावर होतो. आपल्याकडेही हेच आहे. घोडा डोळ्यांसमोर दुसरा आला तरी ऑब्जेक्शनचा निकाल लागून पेमेंट सुरू होईपर्यंत तिकीट फाडू नका.